परीक्षकाच्या खांद्यावर आठ उन्हाळे

माझं काम ऐकण्याचं. बोलायचं ते दुसऱ्यांनी, मी ते पोटात साठवून ठेवायचं. पण आज माझ्या पोटात कॅसेट नाही आणि लाल बटणही कुणी दाबलेलं नाही, तेव्हा थोडं माझंच ऐका. मी टेपरेकॉर्डर बोलतोय. वीतभर लांब, काळा, कातडी पिशवीतला आणि खांद्याला अडकवायचा पट्टा असलेला.

जन्म जपानातला. एका बाईने माझ्या पोटात रबरी पट्टा बसवला, माझ्यासमोर एक ते पाच आकडे मोजले, मग तेच परत लावून ऐकले आणि मान डोलावली. मी ऐकलेला पहिला आवाज तिचा. नंतर खोका, जहाज आणि दुकानाची काच. १९७८च्या मे महिन्यात मिसिसिपीकाठच्या ला क्रॉस गावातल्या दुकानातून मला ऑर्विल नेसहाइमने उचललं.

ऑर्विल पोस्टात टपाल लावायचा. उंच, किडकिडीत आणि बोलायला कमी. पण उन्हाळ्यातले शनिवार-रविवार तो वेगळाच माणूस असायचा. आमच्याकडे जून उजाडला की पथकं बाहेर पडतात. शंभर-सव्वाशे तरुण पोरंपोरी, त्यांचे बिगुल, ढोल आणि झेंडे. बसमध्ये झोपायचं, शाळांच्या जिममध्ये पथाऱ्या टाकायच्या, दिवसभर उन्हात तालीम करायची आणि मग फुटबॉलच्या मैदानावर अकरा मिनिटांत सगळं ओतून द्यायचं. ऑर्विल तरुणपणी अशाच पथकात ढोल वाजवायचा. पुढे चार वर्षं 'आयर्न गार्ड' नावाच्या पथकाला शिकवलं आणि मग तो परीक्षक झाला.

बाकीचे परीक्षक वर काचेच्या खोलीत बसायचे. ढोलांचा परीक्षक मात्र मैदानात, वाजवणाऱ्यांच्या मधे. ती पोरं पळत आकृत्या बदलणार, आणि हा त्यांच्यातून वाट काढत, उलटा-सुलटा चालत, माइक तोंडाशी धरून माझ्याशी बोलणार. "छान, छान... चौथ्याची काठी उशिरा पडतेय... आता सावरला... हा उतार सुंदर घेतला रे बाळांनो." खेळ संपला की ती कॅसेट त्या पथकाच्या शिक्षकांना मिळायची. त्यावरून ते पोरांना दुरुस्त करायचे.

मैदानावर नियम एकच होता. वाट पोरांची, बाजूला व्हायचं ते परीक्षकाने. पोटावर ढोल बांधलेला माणूस एकदा आकृतीत चालायला लागला की थांबू शकत नाही. समोर परीक्षक आडवा आला तर त्याने "जज!" असा आवाज द्यायचा आणि परीक्षकाने सटकायचं. ऑर्विल सटकण्यात पटाईत होता.

खांद्यावर बसून मी माणसं खूप पाहिली. स्टँडमधले शौकीन सकाळपासून जागा धरून बसायचे. मांडीखाली उशी, डोक्याला पथकाच्या रंगाची टोपी. आपल्या पथकाचा बिगुल फाटला तर "वारा होता", दुसऱ्याचा फाटला तर "दम नाही". शिकवणारे तर त्याहून भारी. खेळ चालू असताना ते कडेच्या रेषेवरून आमच्याबरोबर पळायचे, सूर्यफुलाच्या बिया चघळत, ऑर्विलच्या गुणांच्या कागदाकडे आपलं लक्षच नाही असं दाखवत, आणि ऑर्विलचं पेन्सिल धरलेलं बोट हललं तरी त्यांचा चेहरा पडायचा. खेळानंतर परीक्षक आणि शिकवणारे समोरासमोर बसायचे त्या बैठकीत मी टेबलावर असायचो. तिथं मी शिव्या ऐकल्या, विनवण्या ऐकल्या, एकदा तर एक चांगला पन्नाशीचा माणूस अर्ध्या गुणासाठी रडताना ऐकला.

ऑर्विलची एक गोष्ट मात्र सगळ्यांच्या आधी मला कळली. माझ्या आवाजाचा खटका पहिली चार वर्षं चारवर असायचा. मग तो सहावर गेला, मग नऊवर. आधी तो मला टेबलावर ठेवून ऐकायचा, पुढे उचलून उजव्या कानाला लावायला लागला. डाव्या कानाला मला त्याने पुन्हा कधी लावलं नाही.

त्याची बायको आर्डिसही हे ओळखून होती. गाडीत ती आता मागच्या सीटवर, उजव्या बाजूला बसायची. "पुढे ऊन लागतं," असं म्हणायची. खरं म्हणजे तिथून पुढे वाकलं की तोंड थेट त्याच्या उजव्या कानाशी जायचं, ओरडावं लागायचं नाही. ती कधी स्पष्ट बोलली नाही आणि त्याने कधी कबूल केलं नाही. शहाऐंशीच्या जुलैपर्यंत हे असंच चाललं.

त्या रविवारी एल्म प्रेअरी नावाच्या लहानशा गावात दुपारची स्पर्धा होती. ऊन असं की माझी कातडी पिशवी ऑर्विलच्या सदऱ्याला चिकटत होती. शाळेच्या मैदानाभोवतीचं स्टँड गच्च भरलेलं. सॉसेज भाजल्याचा धूर, लिंबूपाण्याचे कागदी पेले. सात पथकं होती. सहावं आयर्न गार्ड, शेवटचं 'हेरॉन्स'. हेरॉन्स म्हणजे तिथल्या माणसांचं घरचं पथक. त्यांची निळी टोपी नाही असं डोकं स्टँडमध्ये शोधावं लागलं असतं.

हेरॉन्सच्या खेळाचं सातवं मिनिट. ढोल मैदानाच्या मध्याकडे सरकत होते. पाच मोठे ढोल ओळीने आडव्या पावलांनी येत होते, आणि शेवटचा, सगळ्यात मोठा, रोझॅन प्रोहास्का नावाच्या मुलीच्या पोटावर होता. एकोणीस वर्षांची, बुटकी. ढोलावरून तिचे फक्त डोळे आणि टोपी दिसायची. ऑर्विल पुढच्या लहान ढोलांकडे बघत मागे मागे येत होता. त्याची डावी बाजू तिच्याकडे.

पुढचं एका श्वासात घडलं. ढोलाची कड माझ्या कोपऱ्यावर आपटली, टवका उडाला, ऑर्विल कोलमडला, आणि ती मुलगी ढोलासकट गुडघ्यावर पडली. लहान ढोलांचा ठेका क्षणभर फाटला. ऑर्विल उठेपर्यंत ती उठलीसुद्धा होती आणि आपल्या जागेकडे पळत काठ्या हाणत होती.

स्टँड उसळलं. हुर्यो अशी उठली की बिगुल ऐकू येईनात.

"आंधळा आहेस का रे?"

"आयर्न गार्डचा जुना चाकर! मुद्दाम केलं!"

खेळ संपला. मुख्य परीक्षक वरून धावत खाली आले. "ऑर्विल, काय झालं? तिनं आवाज दिला होता?"

"नाही," ऑर्विल म्हणाला. धापा टाकत होता, पण अगदी खात्रीने म्हणाला. "आवाज आलाच नाही. ढोलामुळे तिला दिसलो नसेन."

त्याने खोटं सांगितलं नाही. त्याला जे वाटलं ते सांगितलं. पण माझ्या पोटात त्या क्षणाची फीत होती, आणि तिच्यावर काय उमटलंय ते मला ठाऊक होतं. मला तोंड होतं, पण बटण दाबल्याशिवाय ते उघडत नव्हतं.

मुख्य परीक्षकांनी ते जसंच्या तसं हेरॉन्सच्या ढोल शिकवणाऱ्याला, डेल विटकॉपला सांगितलं. डेल तिशीचा, लालबुंद मानेचा, दिवसातून वीस वेळा टोपी जमिनीवर आपटणारा माणूस. आम्ही कुंपणाजवळून जात होतो तेव्हा हेरॉन्सच्या बसमागून त्याचा आवाज येत होता. सगळं पथक उभं होतं.

"पाच महिने झाले, एकच गोष्ट शिकवतोय! परीक्षक दिसला की ओरडायचं! तोंड शिवलं होतं का तुझं?"

"डेल सर, मी ओरडले होते..."

"कुणी ऐकलं? ऐकलं का रे कुणी?"

ढोलांच्या गदारोळात बाकीचे काय ऐकणार?

"अंतिम स्पर्धेला तो ढोल दुसऱ्याच्या पोटावर असेल. कळलं? जा, गुडघ्याला बर्फ लाव."

ऑर्विलने मान फिरवली नाही. ते त्याच्या डाव्या बाजूला होतं.

निकालाला सगळी पथकं मैदानावर सावधान उभी राहिली. हेरॉन्स दुसरे आले. आयर्न गार्ड पहिले, दोन दशांश गुणांनी. आता मघाची हुर्यो परीक्षकावरून घसरून आयर्न गार्डच्या पोरांवर गेली. त्यांची पथकप्रमुख, पांढऱ्या पोशाखातली लुकडी मुलगी, करंडक घ्यायला पुढे आली, आणि तीन हजार मोठी माणसं तिच्यावर ओरडत होती. तिने करंडक घेतला, सलाम केला, वळली. गालावरून पाणी वाहत होतं, पण हात पुसायला उठला नाही. सावधान उभं असताना तसं करायचंच नसतं.

परीक्षक बाहेर पडतात त्या फाटकाशी निळ्या टोप्यांची गर्दी जमली होती. सगळ्यात पुढे व्हर्ना हॅलोरन. अडुसष्ट वर्षांची, जाडजूड, तीस वर्षं हेरॉन्सच्या प्रत्येक स्पर्धेला हजर. याच शाळेच्या भटारखान्यात तिने जन्मभर पोरांना जेवण वाढलं होतं, त्यामुळे अर्ध्या गावाला ती ओळखत होती आणि अर्धं गाव तिला घाबरत होतं.

"काय हो नेसहाइम, लाज आहे का? लेकराला पाडलंत ते पाडलंत, वर गुणही कापलेत?"

"बाई, बाजूला व्हा."

"मी नाही व्हायची! तुम्हाला बाजूला व्हायचा नियम आहे ना? तुम्ही झालात?"

हे म्हणताना तिचा हात उडाला आणि हातातलं लिंबूपाणी पेल्यासकट आमच्यावर आलं. ऑर्विलच्या छातीवर थोडं, बाकी सगळं माझ्यावर. गार, गोड, चिकट. बटणांच्या फटींतून ते थेट आत उतरलं. मला वाटलं, संपलो. माझं जाऊ द्या, आठ उन्हाळे झाले होते. पण हेरॉन्स शेवटचे असल्यामुळे त्यांची कॅसेट अजून माझ्याच पोटात होती, आणि त्या मुलीची बाजू सांगणारं या जगात दुसरं काहीच नव्हतं.

ऑर्विल सरळ गाडीकडे गेला. आर्डिस झाडाखाली गाडीचं दार उघडं टाकून बसली होती. मांडीवर पाव आणि चीजचे खडे. तिने मला त्याच्या हातातून घेतलं, उलटं धरून झटकलं, आपल्या रुमालाने पुसलं.

"कॅसेट भिजली का बघ. बैठकीत द्यायची आहे ना?"

ऑर्विलने फीत मागे घेतली आणि बटण दाबलं. मी सगळा जीव पट्ट्यात आणला. आधी नुसती घरघर निघाली. मग त्याचा आवाज, थोडा जड, पण स्पष्ट: "लहान ढोल छान... दुसरा पुढे पळतोय... हां, मिळाले..." आणि या आवाजामागून, लांबून जवळ येत: "जज! जज! सर, मागे! जज!" मग धडाका.

आर्डिसने पाव खाली ठेवला. "ऑर्विल, पोरगी तर ओरडतेय."

"कुठे?"

"तुझ्या बोलण्याच्या मागे. चार वेळा."

"नाही गं. मीच बोलतोय फक्त."

तिने फीत मागे घेतली, मला उचललं आणि त्याच्या उजव्या कानाशी धरलं. पुन्हा वाजवलं. त्याचा चेहरा माझ्या अगदी जवळ होता. तिसऱ्या "जज"ला त्याचे डोळे मिटले.

त्याने अजून दोनदा ऐकलं. मग मला मांडीवर ठेवलं. पलीकडच्या मैदानात कुणीतरी ढोल गाडीत चढवत होतं.

"मी साहेबांना सांगितलं, तिनं आवाज दिला नाही म्हणून," तो म्हणाला. "डेल तिला काढतोय, असं तेच निकालानंतर म्हणाले."

"हं."

"ही फीत लिंबूपाण्याने गेली म्हटलं तर कुणी विचारायचं नाही. शंभर माणसांनी पाहिलंय पाणी पडताना."

त्याचा अंगठा माझ्या लाल बटणावर आला. ते दाबलं की जुनं पुसलं जातं आणि त्यावर नवं चढतं. दोन मिनिटं त्या झाडाची सळसळ चढली असती आणि रोझॅन प्रोहास्का कायमची गप्प झाली असती. त्याच्या अंगठ्याचा घाम मला जाणवत होता. आठ वर्षांत हजार वेळा तो अंगठा तिथं आला होता, पण त्याची कधी भीती वाटली नव्हती.

आर्डिसने त्याला उपदेश केला नाही. ती एवढंच म्हणाली, "चार वर्षं मी मागच्या सीटवर बसतेय, ऑर्विल. मला पुढे बसायचंय."

तो तिच्याकडे वळला. "तुला माहीत होतं?"

"एकाच प्रश्नाचं उत्तर मिळायला मला तीनदा विचारावं लागतं. माहीत नसायला काय झालं?"

त्याला हसू आलं. अंगठा बटणावरून निघाला.

बैठक शाळेच्या जेवणघरात होती. लांब टेबलं, मुलांच्या उंचीच्या खुर्च्या. त्यात परीक्षक गुडघे पोटाशी घेऊन बसलेले. उकाड्यामुळे खिडक्या उघड्या होत्या आणि प्रत्येक खिडकीत दोन-चार निळ्या टोप्या. व्हर्ना अर्थातच पहिल्या खिडकीत.

डेल आला तोच टोपी टेबलावर आपटत. "मला एक सांग, ऑर्विल. माझ्या पोरीनं आवाज दिला नाही, मान्य. पण तुला डोळे आहेत ना? आणि आयर्न गार्डला जिंकवायचंच होतं तर सरळ सांगायचंस, आम्ही बसमधून उतरलोच नसतो!"

"डेल, त्या मुलीला बोलाव."

"कशाला? आणखी ऐकवायला? मी ऐकवलंय भरपूर."

"बोलाव रे बाबा. मग शिव्या दे."

रोझॅन आली. लंगडत, गुडघ्याला बर्फाची पिशवी बांधलेली, डोळे सुजलेले. तिला वाटलं आता परीक्षकांकडूनही ऐकायचंय. ती भिंतीला टेकून उभी राहिली.

ऑर्विलने मला टेबलाच्या मधोमध ठेवलं आणि खटका दहावर नेला. माझ्या आत अजून साखर चिकटत होती, पण मी धावलो. आणि त्या जेवणघरात, पातेल्यांवर आपटत, तिचा आवाज घुमला. "जज! जज! सर, मागे! जज!"

डेलने मान पुढे काढली. खिडकीतल्या टोप्यांनीही.

ऑर्विल उभा राहिला. "तिनं आवाज दिला होता. चार वेळा. आणि ती आपल्या जागेवर होती. मी साहेबांना सांगितलं ते चूक होतं. मला ऐकू आलं नाही, कारण मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. गेली चार वर्षं." मग तो मुलीकडे वळला. "बाळ, मी तुझ्यावर आळ आणला. मला माफ कर."

मला वाटलं, आता डेल छप्पर उडवणार. चार वर्षांचे सगळे गुण, सगळे निकाल, ओरडायला केवढं रान मोकळं होतं! त्याने तोंड उघडलंही. मग त्याची नजर रोझॅनकडे गेली. त्याने टोपी उचलली आणि दोन्ही हातांत धरून बसला.

"मी हिला सगळ्या पथकासमोर बोललो," तो म्हणाला. आवाज अगदीच लहान झाला होता. "सगळ्यांसमोर."

"मला तर वाटायला लागलं होतं, मी मनातच ओरडले," रोझॅन म्हणाली. "खरंच वाटायला लागलं होतं, डेल सर. की मला वेड-बिड लागलंय."

"चल," डेल उठला. "आता सगळ्यांसमोरच परत बोलतो. ढोल तुझाच. अंतिम स्पर्धेलाही तुझाच."

ती गेली नाही. टेबलाशी आली आणि ओठ चावत ऑर्विलला म्हणाली, "सर, पडल्यानंतरचं पण आहे का त्याच्यात? मी ठेका परत कधी पकडला?"

ऑर्विल पहिल्यांदा मोकळं हसला. त्याने फीत पुढे चालवली. धडाका, गडबड, कुणाचं तरी "आई गं", आणि मग त्याचाच धापा टाकणारा आवाज: "मी पडलो... मोठा ढोल उठला... सहा, सात, आठ... आला! आला ठेक्यात! काय पोरगी आहे!"

रोझॅनने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खिडकीतून टाळ्या आल्या. हसत रडणं मी ऐकलं होतं, पण एवढं जवळून कधी नाही.

"पण मग दोन दशांश कापलेत कुठे?" व्हर्नाने खिडकीतून विचारलं.

"पहिल्या मिनिटात, बाई. ढोल धावत होते. लावू का ते पण?"

"नको," डेल म्हणाला. "धावत होते. मला माहितीय."

थोड्या वेळाने दार ढकलून व्हर्ना आत आली. कुणाला न विचारता भटारखान्यात गेली, तिथली फडताळं तिच्या हाताखालचीच होती. कोमट पाण्याचं भांडं, कापूस आणि स्पिरिटची बाटली घेऊन माझ्यासमोर बसली.

"परीक्षकाला भिजवायचं होतं," ती ऑर्विलकडे न बघता म्हणाली, "या बिचाऱ्याला नव्हतं." आणि काडीला कापूस गुंडाळून माझं एकेक बटण पुसायला लागली. तिचा हात जाडजूड होता, पण काम बारीक. "ऑर्विल नेसहाइम, मी तुम्हाला काय काय बोलले ते तुमच्या उजव्या कानाने ऐकलंत की डाव्या?"

"उजव्या, बाई."

"अरेरे," ती म्हणाली. मग पुढचं बटण पुसत: "त्या पांढऱ्या पोशाखातल्या पोरीला तर दोन्ही कान आहेत."

त्यानंतरचं मी पाहिलं नाही, आर्डिसने घरी जाताना सांगितलं. व्हर्नाने भटारखान्यातल्या फ्रिजमधल्या सगळ्या आइस्क्रीमच्या कांड्या एका ट्रेमध्ये भरल्या आणि निळी टोपी डोक्यावर तशीच ठेवून आयर्न गार्डच्या बसपाशी गेली. आत काय बोलली ते कुणालाच कळलं नाही. पण ट्रे रिकामा झाला, आणि पथकप्रमुख पोरगी बसच्या पायरीवर तिच्याशेजारी बसून कांडी खात होती. हे सांगताना आर्डिस पुढच्या सीटवर होती. तीन तासांच्या रस्त्यात ऑर्विलने तिला एकदाही "काय?" म्हणून विचारलं नाही, कारण ती मुळी ओरडूनच बोलत होती. आता कुणापासून लपवायचं नव्हतं. दोघंही ओरडत होते आणि हसत होते. माझ्या आत अजून स्पिरिटचा वास होता, आणि आठ उन्हाळ्यांत मला एवढं हलकं कधी वाटलं नव्हतं.

ऑर्विलने मैदान सोडलं. निकाल बदलला नाही. काही लोक पुढे वर्षभर जुने गुण उकरून भांडले, पत्रं आली, एक-दोन वाईटही. ती त्याने आर्डिसला मोठ्याने वाचून दाखवली आणि ड्रॉवरमध्ये ठेवली. कानाला यंत्र बसवलं. पुढच्या उन्हाळ्यापासून तो स्टँडमध्ये बसायला लागला, व्हर्नाच्या पलीकडच्या खुर्चीवर. ती ओरडायची तेव्हा तो यंत्र बंद करायचा.

रोझॅनने अंतिम स्पर्धेत ढोल वाजवला. आणखी दोन वर्षांनी तिने पथकाची एकवीस वर्षांची वयोमर्यादा गाठली, पथकातून बाहेर पडली, शाळेत शिकवायला लागली, आणि एक्क्याण्णव साली परीक्षक झाली. तेव्हा ऑर्विलने मला तिच्या खांद्यावर अडकवलं. म्हणाला, "हा ऐकतो. आपल्यापेक्षा बरं ऐकतो." तिच्याबरोबर मी आणखी नऊ उन्हाळे मैदानं पाहिली. हेरॉन्सचं पथक मधेच कधीतरी बंद पडलं, ऑर्विल गेला, व्हर्ना गेली. परीक्षकांच्या हातात माझ्यापेक्षा चपटी, हलकी, फीत नसलेली यंत्रं आली.

आता मी रोझॅनच्या घरी फडताळात असतो. माझा रबरी पट्टा एकदा तुटला होता, तो तिने कुठून तरी मागवून बदलला. मी वाजतो. पण कामाचा नाही, हे मला मान्य आहे आणि त्याचं दुःखही नाही. खूप ऐकून झालंय.

गेल्या जुलैत मात्र ती मला उगाच बरोबर घेऊन गेली. परीक्षक म्हणून नाही, सुट्टीच्या दिवशी, स्टँडमध्ये, मांडीवर. निकाल लागला आणि मागच्या रांगेतला एक गृहस्थ उभा राहून जिंकलेल्या पथकावर हुर्यो करायला लागला. चांगल्या कपड्यांतला, कुणाचा तरी बाप असणार. रोझॅन वळली.

"अहो, ऐका जरा. ती पोरं सावधान उभी आहेत. त्यांना कान झाकता येत नाहीत."

"गुण चुकीचे दिलेत! परीक्षकाला कळत नाही!"

"असेल. मीही परीक्षक आहे. उद्या पलीकडच्या गावात माझी पाळी आहे, मैदानात. तुम्ही या आणि मला ओरडा. मनसोक्त."

तो गोंधळला. "तुम्हाला? तुम्ही कुठे असाल?"

"ढोलांच्या मधे. पण जोरात ओरडा हं. तिथं फार आवाज असतो."

शेजारचे लोक हसले. तोही हसला, जरा ओशाळून, आणि खाली बसला. मैदानात ती पोरं करंडक घेऊन वळत होती. मग त्याने, थोडं उशिरा, टाळ्या वाजवल्या.

तुम्ही कधी अशा स्टँडमध्ये बसलात, तर तुम्हाला जे ओरडायचंय ते ओरडा. मी नाही म्हणणार नाही, ओरडण्यावरच माझं आयुष्य गेलंय. फक्त आधी खाली बघून घ्या, तिथं कोण उभं आहे ते.